समीना शिकलगार यांचं चुकलेलं परीक्षण

मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर समीना शिकलगार बसतात. सकाळी आठ ते दुपारी चार. लांबलांबून आलेली माणसं खिडकीशी वाकून नाव, गाव, वय सांगतात आणि समीनाबाई ते लिहून घेतात. कुणाला वय नीट सांगता येत नाही. कुणी म्हणतं, "मोठ्या दुष्काळाच्या साली माझं लगीन झालं, तुमीच काय ते लिवा." बाई हिशेब करून आकडा घालतात आणि कागद पुढं सरकवतात.

शुक्रवारी चार वाजले की त्या सांगलीला सिनेमा बघायला जातात. रविवारी आमच्या दैनिकाच्या पुरवणीत त्यांचं परीक्षण येतं. मी त्या दैनिकात मुद्रितं तपासतो. सोळा वर्षं त्यांचा प्रत्येक लेख छापायला जायच्या आधी माझ्या टेबलावरून गेला आहे, म्हणून ही गोष्ट मला ठाऊक.

लेखाखाली नाव असायचं 'स. शिकलगार'. वाचकांची पत्रं यायची ती 'शिकलगार साहेब' अशी. मी एकदा विचारलं, "बाई, पुरं नाव का घालत नाही?" त्या म्हणाल्या, "हरिभाऊ, नाव वाचून लोक लेख वाचायचं ठरवतात. त्यापेक्षा आधी लेख वाचू द्या की."

त्यांचे वडील इमामसाहेब तंबोऱ्यांचे कारागीर होते. तंबोऱ्याच्या घोडीवर जिथं तारा टेकतात, ती जागा कानशीनं घासून घासून सूर मोकळा करायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. इमामसाहेब त्यात वस्ताद. एकदा पुण्याचे एक गवई तंबोरा घ्यायला आले. तार छेडून म्हणाले, "वा, छान झालंय." इमामसाहेब म्हणाले, "तुम्हाला गाडी गाठायची आहे म्हणून छान वाटतंय. उद्या या." गवई रागावले, पण मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आले. समीनाबाई तेव्हा दहा वर्षांच्या. ही गोष्ट त्या अजून सांगतात आणि शेवटी एवढंच म्हणतात, "अब्बांना त्या दिवशी गिऱ्हाईक गमवायचं भय वाटलं असेल ना? पण बोलले."

कॉलेजात असताना आमच्या दैनिकात आलेलं एक परीक्षण त्यांना पटलं नाही. त्यांनी संपादकांना दोन पानी पत्र लिहिलं. संपादक नानासो पाटील यांनी पत्र छापलं आणि उलट टपाली कळवलं, 'पुढच्या वेळी पत्र नको, परीक्षणच पाठवा.' मधे लग्न, नोकरी, मुलगी यात काही वर्षं गेली आणि मग एका रविवारपासून त्यांचं लिहिणं सुरू झालं. नवरा मोहसीन सासऱ्यांच्याच दुकानात तंबोरे करतो. तो बाईंसोबत सिनेमाला जातो आणि मध्यंतरापर्यंत शांत झोपतो. मध्यंतरानंतर जागा राहिला तर सिनेमा चांगला, असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

गेल्या वर्षी 'तहहयात साहेब' नावाचा मराठी सिनेमा आला. दिग्दर्शक राजवर्धन वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातला, तिशीतला. सिनेमा एका काल्पनिक देशाच्या हुकूमशहावर होता. हा साहेब स्वतःला तहहयात अध्यक्ष म्हणून जाहीर करतो. घड्याळं त्याच्या उठण्याप्रमाणं लावायची. आरशानं त्याला उंच दाखवायचं. देशात पाऊस पडत नाही, तर तो हुकूम काढतो की पाऊस पडला आहे. मग गावोगाव कारकून टेबल टाकून बसतात आणि प्रत्येकानं समोर येऊन 'पाऊस पडला' असं सांगितलं की त्याला चाऱ्याची एक पेंढी मिळते. हे सगळं चित्रीकरण माण तालुक्यात, दहिवडीजवळच्या एका वाडीत झालं होतं. भेगाळलेलं तळं, उघडे माळ, लांबवर मेंढरं. काल्पनिक देश उभारायला फारसं काही करावं लागलं नसणार.

मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी सिनेमा उचलून धरला. कुणी चार तारे दिले, कुणी साडेचार. 'बोचरा', 'धाडसी', 'ग्रामीण निरागसतेचं लोभस दर्शन' असे शब्द मी स्वतः वाचले. एका इंग्रजी संकेतस्थळानं मात्र 'सगळे नुसते ओरडतात' म्हणून दीड ताराच दिला. आमच्या भागात आनंद होता. आपल्या मातीतला पोरगा, आपल्या माळावरचा सिनेमा.

आणि रविवारी स. शिकलगार यांचं परीक्षण आलं.

त्यांनी पहिल्या अर्ध्या भागाचं कौतुक केलं होतं. मग दोन आक्षेप घेतले होते. पहिला असा, की पावसाच्या प्रसंगात एक म्हातारी कोरड्या तळ्यातून लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून, पाण्यातून चालल्यासारखी येते आणि कारकुनापुढं पदर पिळते. थिएटर हसतं. 'इथं दिग्दर्शक हुकूमशहाला हसायचं सोडून, हुकूम खरा मानणाऱ्या भोळ्या बाईला हसतो. हसू चुकीच्या माणसावर पडलं आहे.' दुसरा आक्षेप शेवटाबद्दल. शेवटी साहेब एका कोकराला जवळ घेऊन ढसाढसा रडतो आणि लोक त्याला माफ करतात. बाईंनी लिहिलं होतं, 'रडला म्हणून सुटला. एवढ्यासाठी दोन तास हसलो का?'

सोमवारपासून फोन सुरू झाले. आपल्याच माणसाच्या सिनेमाला आपल्याच पेपरानं नावं ठेवली, ही मुख्य तक्रार. राजवर्धनच्या मित्रांनी लेखाचा फोटो काढून सगळीकडं फिरवला. 'स. शिकलगार' म्हणजे कोण हेही कुणीतरी शोधून काढलं. 'केसपेपर लिहिणाऱ्या बाईला सिनेमातलं काय कळतं?' असं एकानं लिहिलं, त्याला नऊशे लोकांनी अंगठा दिला. बुधवारी दोन पोरं रुग्णालयाच्या खिडकीशी येऊन, "मॅडम, आमचा पण केसपेपर काढा, हसून हसून पोट दुखतंय," असं म्हणून फोनवर चित्रण करून गेली. रांगेतली एक बाळंतीण तोवर उभी राहिली. बाईंना राग आला तो त्याचा.

नानासोंनी त्यांना बोलावून घेतलं. मी शेजारच्या टेबलावर होतो.

"समीना, तुझं लिहिणं मागं घे म्हणत नाही मी," नानासो म्हणाले. "पण एक छोटा पूरक लेख दे. सिनेमातल्या चांगल्या गोष्टी. जरा निवेल सगळं."

"चांगल्या गोष्टी पहिल्याच लेखात आहेत, नानासो."

"आणखी थोड्या."

"माझी चूक दाखवा, मी बदलते. लोक चिडलेत म्हणून नाही बदलणार." त्या उठल्या. मग दारातून परत वळून म्हणाल्या, "सिनेमा कुणावर आहे? ज्याला नुसत्या टाळ्याच ऐकायच्या असतात अशा माणसावर ना?"

नानासो हसले, पण हसू टिकलं नाही. जाहिरातवाल्यांचे फोन त्यांनाच घ्यावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी खुद्द राजवर्धनचा फोन बाईंना आला. त्यांच्याकडून मला कळलं ते असं. पहिली पाच मिनिटं तो तावातावानं बोलला. बाई ऐकत राहिल्या. मग तो एकदम थांबला आणि म्हणाला, "मॅडम, खिडकीवर आलेली ती पोरं माझ्या ओळखीची आहेत. त्यांना झापलंय मी. ते चुकलं. पण म्हातारीच्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला पटलेलं नाही. रविवारी दहिवडीला सिनेमा दाखवतोय, ज्यांनी काम केलं त्या वाडीतल्या लोकांसाठी. तुम्ही या. त्यांच्यात बसून बघा. मग काय लिहायचं ते लिहा."

"येते," बाई म्हणाल्या.

मोहसीनला रविवारी एका गायिकेचा तंबोरा पोचवायचा होता, म्हणून मी सोबत गेलो. विटा, मायणी करत एसटीनं दहिवडी गाठेपर्यंत साडेअकरा झाले. एका मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून अंधार केला होता. लग्नातल्या खुर्च्या मांडलेल्या. बाया पुढं सतरंजीवर, बापे मागं. पंखे खडखडत होते. बाई मुद्दाम बायांच्या घोळक्यात जाऊन सतरंजीवर बसल्या. मी भिंतीला टेकलो.

समीनाबाईंची एक सवय मला माहीत होती. सिनेमा बघताना त्या मांडीवर वही ठेवून अंधारात अदमासानं टिपणं काढतात. ओळी एकमेकींवर चढतात, पण त्यांच्या त्यांना वाचता येतात. त्या दिवशी त्यांनी वही काढली नाही. नंतर म्हणाल्या, बायका इतक्या चिकटून बसल्या होत्या की हात हलवायला जागा नव्हती.

पावसाचा प्रसंग आला. पडद्यावर ती म्हातारी लुगडं उचलून कोरड्या तळ्यातून येऊ लागली. एका ठिकाणी खोल खड्डा असल्यासारखी तिनं काठीनं पाणी चाचपलं. सतरंजीवरच्या बायका हसायला लागल्या. सांगलीच्या थिएटरात हसले होते तसं हे हसू नव्हतं. एकमेकींच्या पाठीवर थापा मारत, "आगं बघ, बघ!" करत त्या हसत होत्या. म्हातारी टेबलाशी आली आणि तिनं पदर पिळला.

आणि कारकुनानं टेबलावरचे कागद चटकन उचलून बाजूला घेतले. भिजतील म्हणून.

क्षणभर तो कागद हातात धरून तसाच थिजला. आपण काय केलं ते त्याला कळलं. म्हातारी त्याच्याकडं बघत शांत उभी होती. मंगल कार्यालयाचं छत उडेल असं लोक हसले. मागनं बापे शिट्ट्या मारत होते.

मी समीनाबाईंकडं पाहिलं. त्या हसत नव्हत्या. तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

सिनेमा संपल्यावर बाहेर चहा होता. राजवर्धननं पुढं येऊन नमस्कार केला. बाईंनी विचारलं, "त्या आजी कुठं आहेत?"

भामाबाई विरकर पायरीवर बसून बशीतून चहा पीत होत्या. सत्तरीच्या, काटक. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला.

"तुमीच व्हय त्या पेपरवाल्या?" त्या म्हणाल्या. "बसा. तुमी लिवलं म्हणं, मला हसत्यात म्हणून."

"हो आजी. मला वाटलं, ती बाई हुकूम खरा मानते आणि लोक तिच्या भोळेपणाला हसतात."

"आवं, भोळी कशाची!" भामाबाईंनी बशी खाली ठेवली. "मला या पोरानं सांगितलं हुतं, नुसतं यायचं, पाऊस पडला म्हणायचं, पेंढी घ्यायची. मी म्हनलं, आसं न्हाई. साहेब म्हणतुया पाऊस झाला, तर मग भिजाया नको? लुगडं वर धराया नको? तो सांगतुया तसं सगळं करायचं. लय करायचं. मंग त्यालाच लाज वाटती."

"आणि कागद उचलायचं?"

"ते त्या कारकुनाला सांगितलंच न्हवतं कुनी!" भामाबाई खदखदून हसल्या. "मी पदर पिळला आन् त्यानं आपसूक कागद उचललं. खरंच वाटलं त्याला पानी पडंल म्हणून."

राजवर्धननं मान हलवली. "खरं आहे. पहिल्याच टेकला झालं ते. पुन्हा घेतलंच नाही."

"हे सुचलं कसं, आजी?" बाईंनी विचारलं.

"सुचतंय काय त्यात! माझी सासू हुती. एका दुष्काळात कुनी एक बाबू आला, कागदावर लिवाया लागला, तुमच्या वाडीच्या हिरीला पानी हाय. सासू म्हनली, आसं? मंग कापडं काढा आन् उतरा की पवायला. आमी पन येतो बघाया." भामाबाईंनी डोळे पुसले. "कवाची गेली बिचारी. पर त्या बाबूनं लिवल्यालं खोडलं बरं का."

समीनाबाई पायरीवर त्यांच्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "आजी, माझी चूक झाली. थिएटरात मी तेवढ्यात मान खाली घालून वहीत लिहीत होते. हसू चुकीच्या माणसावर पडलं, हेच वाक्य. ते लिहिताना कागद उचललेले माझ्या नजरेतून निसटले."

"जाऊ द्या की. मेंढरं मोजताना माझी पन चुकत्यात. परत मोजायची."

मग भामाबाईंनी राजवर्धनकडं पाहून सहज विचारलं, "माझं नाव आलं का रं शेवटाला? मला काय वाचाया येत न्हाई. लेक म्हनली, लय पळत गेलं."

नावांच्या यादीत शेवटी 'आणि समस्त ग्रामस्थ' एवढंच होतं. राजवर्धननं ते तसं सांगितलं. भामाबाई "बरं, बरं," म्हणाल्या आणि चहाची बशी उचलून आत ठेवायला गेल्या. राजवर्धन जमिनीकडं बघत उभा राहिला.

परतीला निघायच्या आधी शेवटाच्या प्रसंगावरून दोघांचं जुंपलं. राजवर्धनचं म्हणणं, माणसाला बदलायची संधी द्यायला हवी. बाईंचं म्हणणं, संधी द्या, पण त्याची किंमत कोण मोजतो ते दाखवा. दोघंही ऐकेनात. भामाबाई परत आल्या होत्या. त्या मधेच म्हणाल्या, "रडला ते बरं झालं. पर खुर्ची सोडली का त्यानं? खुर्चीवर बसूनच रडला की."

एसटीत बाई खिडकीशी बसल्या. मायणी गेल्यावर म्हणाल्या, "हरिभाऊ, मला चुकल्याचं दुःख नाही. मी त्या बाईची कड घ्यायला गेले आणि तिला भोळी ठरवून बसले. शहरातले निरागस म्हणाले, मी भोळी म्हणाले. फरक काय?"

"लिहा तसंच," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी लेख आला. मथळा होता, 'मी मान खाली घातली होती'. सुरुवातच अशी: 'दोन आठवड्यांपूर्वी या जागी मी एका कलावंत बाईला भोळी म्हणाले. ते चूक होतं. त्या प्रसंगाची कल्पना त्यांची, विनोद त्यांचा आणि नाव भामाबाई विरकर.' पुढं सगळी हकीकत होती, सासूच्या विहिरीसकट. आणि शेवटच्या परिच्छेदात, सिनेमाच्या शेवटाबद्दलचा आपला आक्षेप कायम असल्याचंही होतं, आता भामाबाईंच्या वाक्याच्या आधारासह.

मुद्रित तपासताना खाली पाहिलं तर नाव होतं, समीना इमाम शिकलगार.

"बाई, यावेळी पूर्ण?" मी फोन केला.

"चूक कबूल करायची तर आद्याक्षरामागं लपून कशी करू?" त्या म्हणाल्या.

नानासोंना धास्ती होती. आता दोन्ही बाजूंचे लोक हसतील, म्हणतील पेपरानं शेपूट घातलं. तसं दोघाचौघांनी म्हटलंही. पण त्या आठवड्यात आलेल्या पत्रांनी माझं टेबल भरलं. विट्याच्या एका शिक्षकांनी लिहिलं, 'चाळीस वर्षं वर्तमानपत्र वाचतो, परीक्षकानं स्वतःला नापास केलेलं पहिल्यांदा पाहिलं.' पुण्याहून चार तारे देणाऱ्या एका समीक्षकाचा बाईंना फोन आला. तो म्हणाला, "मी तो प्रसंग तीनदा पाहिला होता. कागद माझ्याही लक्षात आले नव्हते." त्यानं आपल्या पुढच्या लेखात तसं लिहिलं. सांगलीत उतरत आलेला सिनेमा आणखी दोन आठवडे चालला. लोक कागद उचललेले बघायला जात होते.

चार महिन्यांनी 'तहहयात साहेब' मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपवर आला. नावांची यादी बदलली होती. 'पावसाचा प्रसंग: कल्पना आणि अभिनय, भामाबाई विरकर' ही ओळ स्वतंत्र, मोठ्या अक्षरात आणि सावकाश जाणारी होती. भामाबाईंच्या लेकीनं ती थांबवून आईला दाखवली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. शेवट मात्र राजवर्धननं बदलला नाही, आणि बाईंनीही आपलं मत बदललं नाही. दोघं अजून भेटले की त्यावर भांडतात. त्याच्या नव्या सिनेमात भामाबाईंना न्यायाधीशाचं काम आहे. पहिल्यांदाच त्यांना मेंढरांशिवाय पडद्यावर यायचं आहे, म्हणून त्या जरा चिंतेत आहेत.

समीनाबाईंची खिडकी तीच आहे. ती दोन पोरं एकदा खरंच कुणाला तरी घेऊन रुग्णालयात आली. बाईंनी केसपेपर काढून दिला आणि कोणत्या मजल्यावर जायचं ते सांगितलं. पोरांनी मान खाली घालून "थँक्यू मॅडम" म्हटलं, एवढंच.

नवं सुरू झालं ते वेगळंच. नानासोंनी बाईंना पुरवणीत अर्धं पान वाढवून दिलं, तर त्या म्हणाल्या, "हे पान माझ्या एकटीच्या मतासाठी नको." आता महिन्यातून एका रविवारी त्या दहिवडीला जातात. तेच मंगल कार्यालय, लग्न नसेल तेव्हा. वाडीवस्तीवरच्या तीसेक बाया जमतात, सिनेमा बघतात, मग चहाबरोबर बोलतात. बाई बोलणं टिपून घेतात आणि जिचं तिचं नाव घालून छापतात. या बायांनी आजवर सात सिनेमे पाहिले. दोन आवडले, पाचांची सालटी काढली.

गेल्या महिन्यात एक गाजलेला सिनेमा होता, शेतकऱ्याच्या कष्टावरचा. सगळीकडं त्याची वाहवा झाली होती. सिनेमा संपल्यावर चहा आला. मग मागच्या रांगेतून शालूबाई नावाची एक लाजरी बाई उठली. तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "हिरो सारखा घामानं भिजल्याला दाखवलाय. पर काम करताना कवाच दिसला न्हाई. आन् घाम आला तरी बनियन कसली पांढरीशिपट!"

सगळ्याजणी हसल्या. शालूबाई लाजून खाली बसायला लागली, तसं समीनाबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"थांबा, शालूबाई. बसू नका. आडनाव सांगा, आणि पुढं बोला."